गिअरबॉक्सवरची मावशी

साबणाच्या त्या कारखान्यातले वेष्टनयंत्र विजेवर चालते, असे फक्त वीज कंपनीला वाटत असे. बाकी सर्वांना ठाऊक होते, की ते मावशींवर चालते.

यंत्राच्या मागच्या अंगाला, भिंतीकडे, गुडघ्याहून किंचित उंच असा एक गिअरबॉक्स होता. मावशी सकाळी येत, डबा खुंटीला अडकवत, गिअरबॉक्सच्या डाव्या कोपऱ्यावर निळी उशी ठेवत आणि तिच्यावर ठाण मांडत. त्या नीट बसल्याची खात्री झाली, की मिस्त्री कळ दाबत. मग गुलाबी वड्या पट्ट्यावरून शाळकरी मुलींच्या शिस्तीने येत आणि कागद लेऊन पुढे जात. मावशी उठल्या, की मात्र गिअरबॉक्स खडखडू लागे, पट्टा उचक्या देई, आणि वड्या अंघोळीतून पळालेल्या पोरांसारख्या उघड्याबागड्या जमिनीवर उड्या घेत. म्हणून मावशी उठत नसत. चहा त्यांना जागेवर येई. जेवणाच्या सुट्टीत यंत्र थांबले, तरच त्या खाली उतरत. आणि उतरल्यावरही बराच वेळ त्यांचा आवाज थरथरत राही. "मीठ द्या" एवढे दोन शब्दही त्या एखाद्या गायिकेसारखे हेलकावे देत म्हणत.

मुळात त्या कागदाची रिळे उचलायला लागल्या होत्या. एके दिवशी दमून तिथे टेकल्या, आणि तोवर सारखे रडणारे यंत्र एकाएकी शांत झाले. मालक नेमके तिथूनच चालले होते. "उठू नका," ते म्हणाले. त्याला आता पुष्कळ वर्षे झाली होती.

बसल्या बसल्या मावशी विणकाम करत. अंगभर थरथर असल्यामुळे विणीच्या कडा नागमोडी येत. ज्याच्या गळ्यात नागमोडी मफलर नाही असा माणूस त्या कारखान्यात नव्हता.

अशा त्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीसाठी एक तरुण इंजिनिअर नेमलेला होता. तो इतके हळू बोले, की त्याचे निम्मे बोलणे त्याच्या शर्टाच्या खिशातच पडून राही. लोक त्याला हळूसाहेब म्हणत. माणसासमोर उभे राहिले, की त्याची नजर जमिनीवर उतरे आणि तिथेच बिऱ्हाड करी. यंत्रांशी मात्र त्याचे बरे जमे. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगवर टेकवून, मूठ कानाशी धरून तो डोळे मिटून उभा राही. तेव्हा त्याचा चेहरा फार दूरच्या माणसाचा फोन ऐकणाऱ्यासारखा दिसे.

"काय म्हणतंय?" मिस्त्री विचारीत.

"दुखतंय म्हणतंय."

"चालतंय ना?"

"चालतंय."

"मग हात लावायचा नाही."

मिस्त्रींचे सगळे शास्त्र या एका वाक्यात मावत असे. त्यावरच त्यांचे केस पांढरे झाले होते, आणि दातही याच तत्त्वाने एकेक करून गेले होते.

इंजिनिअरला ऐकून ऐकून एवढे कळले होते, की गिअरबॉक्सच्या चार पायांपैकी डावीकडचा एक पाय खालच्या बैठकीवर टेकतच नाही. तो अधांतरी आहे. त्याचा बोल्ट आवळला तर सगळे अंग पिळवटेल, म्हणून कुणीतरी तो सैल सोडला आहे. आणि त्या पायाला खाली दाबून धरण्याचे काम मावशी करताहेत. हे मालकांना सांगायला हवे होते. त्यासाठी त्याने एक वाक्य घडवले होते: "साहेब, यंत्र अर्धा दिवस बंद ठेवून गिअरबॉक्स उचलावा लागेल." ते वाक्य त्याने आरशाला म्हणून दाखवले होते, हवेच्या टाकीला म्हणून दाखवले होते. दर आठवड्याला तो केबिनमध्ये जाई.

"साहेब..."

"बोल."

नजर खाली जाई. मालकांच्या टेबलाचा उजवा पाय तिथे त्याची वाट पाहत असे. त्याचे उडालेले पॉलिश, त्यावरचा खिळ्याचा ओरखडा, आणि टेबल डगमगू नये म्हणून त्याच्याखाली सरकवलेली पोलादाची पातळ, घोड्याच्या नालेच्या आकाराची पट्टी, हे सारे त्याला स्वतःच्या तळहातासारखे पाठ झाले होते.

"काही नाही, साहेब. सहज आलो होतो."

आणि तो परत जाई. न बोललेली वाक्ये माणसाच्या आत कुठे साठत असतील, याचा विचार करत तो दिवसभर तेलाच्या पिंपांपाशी रेंगाळे.

मग एके सकाळी मावशी, अजून यंत्र सुरू व्हायचे होते तेव्हाच, केबिनच्या दारात उभ्या राहिल्या. इंजिनिअर आत टेबलाचा पाय पाहत उभा होताच.

"मालक, मला रजा पाहिजे."

"मावशी, उठून कशाला आलात? बसल्या जागेवरून निरोप धाडायचा."

"माझी लेक दिवस भरत आलीय. जावई बोटीवर, तो पाण्यात. सासू ना सासरा. पोरगी एकटी आहे तिथं. डॉक्टरीण म्हणाली, हा आठवडा काही पुरा होत नाही. उद्या सकाळची गाडी आहे."

मालकांचा चेहरा पडला. ते वाईट नव्हते. त्यांना फक्त थांबलेल्या यंत्राची भीती वाटे, जशी काहींना पालीची वाटते. "मावशी, जा हो, जाच. मी नाही म्हणतच नाही. पण तुमच्या जागी कुणीतरी बसवा आणि जा. आज दिवसभरात माणूस मिळाला तर रजा. नाही मिळाला तर मी काय करू? माल द्यायचाय मला."

मावशींनी मान हलवली. बाहेर पडताना त्यांनी पिशवीतून अर्धे विणलेले टोपडे काढून उगाचच उलटेपालटे करून पाहिले. त्याचीही कड नागमोडी होती. इंजिनिअरचे ते जुने वाक्य पुन्हा खिशातच राहिले.

शोध सुरू झाला. पहिला मान स्टोअरकीपरचा, कारण वजनाच्या बाबतीत कारखान्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. ते निळ्या उशीवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि फोटो काढून घेणाऱ्या माणसासारखे समोर पाहू लागले. यंत्र सुरू झाले. पट्टा शांत चालला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी भरल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "देव भलं करो तुमचं, भाऊ."

पण त्या हलक्या थरथरीने स्टोअरकीपरांच्या पापण्या जड झाल्या. हनुवटी छातीवर टेकली. घोरणे यंत्राच्या ठेक्यात मिसळले, आणि ते हळूहळू, एखादी टेकडी खचावी तसे, उजवीकडे कलत गेले. गिअरबॉक्स खडखडला. एक वडी उडाली ती थेट त्यांच्या उघड्या तोंडात.

"मला कडू लागतंय," ते जागे होत म्हणाले, आणि त्यांच्या ओठांवर एक सुंदर, मोठा फुगा आला.

मग मिस्त्री बसले. "ह्यात काय आहे? मी या यंत्राला लहानाचं मोठं केलंय." क्षणभराने त्यांची कवळी वाजू लागली. ती इतक्या जोराने वाजली, की पलीकडच्या बायकांना वाटले टाइपरायटर आणलाय. बोलायला तोंड उघडले तशी कवळी निसटली, पट्ट्यावर पडली, आणि कुणी काही करायच्या आत गुलाबी कागदात सुबक गुंडाळली जाऊन पुढे निघाली.

"धरा! धरा तिला!" मिस्त्री ओरडले, पण कवळीवाचून ते कुणालाच नीट कळले नाही.

"अहो मिस्त्री," वेष्टनाकडची एक बाई म्हणाली, "कुण्या गिऱ्हाइकाचं नशीब उघडलं हो! साबणाबरोबर दात फुकट!"

कवळी खोक्यात भरता भरता सापडली. ती धुवायची गरज नव्हती. ती आयुष्यात कधी नव्हती इतकी स्वच्छ झाली होती.

शेवटी मालकांना सुचले, की माणूसच कशाला हवा? साबणाच्या चुऱ्याची गोणी ठेवावी. गोणी झोपणार नाही आणि तिला दातही नाहीत. चौघांनी गोणी उचलून ठेवली. यंत्र सुरू झाले. गोणीने निमूटपणे थरथर सोसली, मग तिची एक शिवण उसवली, मग दुसरी. आणि पांढऱ्या चुऱ्याचा एक झोत हवेत उठून सगळ्यांच्या डोक्यांवर, भुवयांवर, मफलरांवर बसला. क्षणभर फार निःशब्द, फार सुंदर असे काहीतरी घडल्यासारखे इंजिनिअरला वाटले. तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "पाणी मारा!"

"नको..." इंजिनिअर म्हणाला. ते नेहमीप्रमाणे त्याच्या खिशात राहिले.

पाणी मारले गेले. आणि जमिनीवर सांडलेला साबणाचा चुरा, वरून पाणी, वर ते थरथरणारे यंत्र! फेस घोट्यापर्यंत आला, मग पोटऱ्यांपर्यंत. मालक त्यातून वाट काढत येताना अर्धे अंतर चालत आले आणि उरलेले पाठीवर घसरत. त्यांनी पडल्या जागेवरूनच यंत्र बंद करण्याचा हुकूम दिला. लोकांनी झाडू, खराटे आणि पोतेरी घेतली. कुणी रडत नव्हते, मावशी सोडून. त्या एका खोक्यावर बसून फेसात पाय बुडवून टोपडे विणत होत्या आणि मधूनच पदराने नाक पुसत होत्या.

"राहू दे रे पोरा," त्या इंजिनिअरला म्हणाल्या, कारण तो जवळ येऊन नुसताच उभा होता. "लेकीला कळवते, शेजारणीला हाक मार म्हणून. मी गेले तर चार घरांच्या चुली बंद पडतील. माझं बूडच वाईट. त्याला काय करणार?"

त्याने तारेचा ब्रश घेतला आणि तो गिअरबॉक्सच्या पायाशी बसून फेस साफ करू लागला. सांत्वन त्याला जमत नसे, घासणे जमे. वर्षानुवर्षे साचलेले काळे तेल, धूळ, कागदाचे कपटे यांचा तिथे एक जाड थर होता, आणि आज आयुष्यात प्रथमच त्याला साबण लागला होता. थर सुटला. खाली बैठकीचा धातू दिसू लागला. तीन पायांखाली पोलादाच्या पातळ पट्ट्या होत्या, नालेच्या आकाराच्या, बोल्टला मिठी मारून बसलेल्या. चौथ्या पायाखाली पट्टी नव्हती. तिथे फक्त तिची खूण होती; गंजाच्या तपकिरी रेषेने काढलेली एक नाल.

इंजिनिअर त्या रेषेकडे पाहत राहिला. ही नाल त्याने पाहिली होती. किती वेळा, किती जवळून, किती लाजून!

तो उठला. फेसातून चालत, पाय घसरू न देता, केबिनकडे गेला. मालक ओले कपडे झटकून नुकतेच खुर्चीत बसले होते. समोर काठोकाठ भरलेला चहाचा कप होता. मागोमाग मिस्त्री आणि मावशी, काय झाले ते पाहायला, दारात आले.

"साहेब," इंजिनिअर म्हणाला. नजर टेबलाच्या पायावर होती. पण आज ती तिथे लपायला गेली नव्हती. "तुमच्या टेबलाखाली मावशींची रजा आहे."

"काय?"

"ती पट्टी. उजव्या पायाखालची. ती गिअरबॉक्सची आहे."

मालकांनी वाकून पाहिले, मग मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्री छताकडे पाहू लागले.

"मिस्त्री?"

"तुम्हीच म्हणाला होतात," मिस्त्री कवळी सावरत म्हणाले. "हे टेबल नवं आलं तेव्हा. म्हणालात, सही करताना डुगडुगतंय, काहीतरी लाव. माझ्या हाती तेव्हा गिअरबॉक्स उघडा होता. चार पट्ट्या दिसल्या. म्हटलं, तीन पायांवर तिपाई उभी राहते, मग हा का नाही राहणार?"

"आणि मग तो खडखडायला लागला."

"खडखडायला लागला, तेवढ्यात मावशी टेकल्या. चालायला लागलं. मग मी हात लावला नाही."

मावशींनी पट्टीकडे पाहिले, मग आपल्या विणकामाच्या नागमोडी कडेकडे पाहिले. "म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्या टेबलापायी बसले होते होय?" त्या म्हणाल्या.

"तशीच दुसरी करून घाल की तिथं," मालक पुटपुटले. "ही कशाला काढतोस?"

"दुसरी करीन. टेबलासाठी. ही मापाने घासलेली आहे, ती तिच्या जागी जाईल." आणि मग, घसा खाकरून, त्याने ते आरशाला पाठ असलेले वाक्य म्हटले: "साहेब, यंत्र अर्धा दिवस बंद ठेवून गिअरबॉक्स उचलावा लागेल."

"अर्धा दिवस! माल द्यायचाय मला. आज गोणी जरा नीट शिवून..."

"नाही."

तो शब्द इतका मोठ्याने आला, की इंजिनिअरने स्वतःच मागे वळून कोण बोलले ते पाहिले.

"आणि नाही झालं नीट तर?" मालक म्हणाले. "मावशी तर गेलेल्या असतील."

"तर मी बसेन."

"तू? तुझं वजन ते काय? तुझ्यापेक्षा तो स्क्रूड्रायव्हर जड असेल."

"मिस्त्रींना मांडीवर घेऊन बसेन."

मिस्त्री दचकले. मावशी हसल्या, इतक्या हसल्या, की त्यांना दाराची चौकट धरावी लागली. आणि त्यांचे हसू पाहून मालकांनाही हसू आले. हसता हसता त्यांनी टेबलाचा कोपरा उचलून धरला. इंजिनिअरने गुडघे टेकून पट्टी ओढून काढली. टेबल कलले, कप सरकला, आणि चहा मालकांच्या आधीच ओल्या असलेल्या मांडीवर शांतपणे वाहत गेला.

दुपारभर यंत्र थांबले होते. ती शांतता लोकांना नवी होती. ते उगाचच कुजबुजत होते, घरात कुणी आजारी असल्यासारखे. गिअरबॉक्स उचलला तेव्हा त्याच्याखाली मावशींच्या हरवलेल्या सुया, दोन लोकरीचे गुंडे, एक चष्मा आणि स्टोअरकीपरांचे पेन सापडले. इंजिनिअरने बैठक घासून आरशासारखी केली. पट्टी आपल्या गंजलेल्या खुणेवर ठेवली. ती तिथे अशी बसली, जशी बाहेरगावी राहिलेली माणसे घरच्या उंबऱ्यावर बसतात. गेजच्या पातळ पात्या चारही पायांखाली सरकवून त्याने पाहिले, कुठे फट नाही ना. मग बोल्ट आवळले; एकदम नाही, थोडा हा, थोडा समोरचा, पुन्हा हा. मोटरचा आणि गिअरबॉक्सचा दांडा एका ओळीत आणला. काळे तेल काढून नवे भरले. मिस्त्री शेजारी पाने देत बसले होते. "एवढं सगळं एका पट्टीसाठी?" ते एकदा म्हणाले, पण आवाजात कुरकुर नव्हती.

कळ दाबली, तेव्हा मावशी भिंतीशी उभ्या होत्या. गिअरबॉक्सवर कुणी नव्हते. यंत्र जिवंत झाले आणि गुणगुणू लागले, पोट भरलेल्या मांजरासारखे. वड्या आल्या, कागद ल्याल्या, पुढे गेल्या. इंजिनिअरने एक वडी उचलून गिअरबॉक्सवर आडवी नव्हे, उभी, बारीक कडेवर ठेवली. ती उभी राहिली. सगळे जण श्वास रोखून त्या वडीकडे पाहत राहिले, आणि वडी आपली तशीच उभी.

"बघू," मावशी म्हणाल्या. वडी बाजूला करून त्या शेवटचे एकदा बसल्या. बराच वेळ डोळे मिटून बसल्या. "काही लागत नाही रे," त्या हळूच म्हणाल्या. "दगडावर बसल्यासारखं वाटतंय." मग डोळे पुसून उठल्या आणि निळी उशी त्याच्या हातात दिली. "ही ठेव. तुला कुठं बसायची वेळ आली तर."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्या गेल्या.

पुढचे काही दिवस मालक एका गुडघ्याने टेबल रेटून धरत सह्या करीत. मग एकदा त्यांनी इंजिनिअरला बोलावले. आत येताना त्याने जमिनीकडे पाहिले, पण सवयीने नव्हे. "टेबलाचा पाय बरोबर आहे, साहेब," तो म्हणाला. "खालची फरशी खचलीय. पट्टी नकोच, फरशी बसवू." फरशी बसवली. मग मालकांनाच छंद लागला. स्टोअरच्या दाराला अडसर म्हणून जे चाक होते ते पंपाचे निघाले. पंपाला जो पट्टा होता तो पंख्याचा. पंखा ज्या खिळीवर फिरत होता ती फाटकाची. आणि फाटक मिस्त्रींच्या जुन्या पान्याला दोरीने बांधलेले. एकेक वस्तू आपापल्या घरी परत गेली. आता आठवड्यातून एकदा यंत्र आपणहून थांबवले जाई, पुसले जाई, ऐकले जाई. मालक त्या वेळी खुर्ची टाकून बसत आणि पाहुण्यांना सांगत, "आज आमचं यंत्र सुट्टीवर आहे. रजा द्यावी लागते हो."

अशाच एका थांबलेल्या दुपारी केबिनमधला फोन वाजला. फोन इंजिनिअरसाठी होता.

"अरे पोरा, नात झाली!" पलीकडून मावशी ओरडल्या. "गोरीपान, आणि डोक्यावर हे एवढं जावळ. टोपडं बरोबर बसलं बघ, नागमोडी कडेसकट."

"अभिनंदन, मावशी."

"पण एक घोटाळा झालाय. पोरगी आईकडे झोपत नाही, पाळण्यात झोपत नाही. माझ्या मांडीवर टाकली, की पटकन डोळे मिटते. लेक म्हणते, आई, तुझी मांडी अजून थरथरतेय. हात ठेवून बघितलं तर खरंच रे! बसले की गुण्गुण् सुरू होतं. इतक्या वर्षांचं ते अंगात मुरलंय. तू इंजिनिअर ना? यावर काही इलाज आहे का?"

इंजिनिअरने फोन कानाशी घट्ट धरला आणि डोळे मिटले. पलीकडे कुठे तरी, फार दूर, एक लहानसा श्वास चालला होता, आणि त्याच्याखाली, अगदी खोल, एक ओळखीचा ठेका. सैल बोल्टचा. आता जगात दुसरीकडे कुठेच न उरलेला.

"मावशी," तो म्हणाला, हळू, पण पलीकडे सगळे ऐकू जाईल इतक्या हळू. "झोपतेय ना?"

"झोपतेय."

"मग हात लावायचा नाही."